चिमटा कापायच्या आधी : वाचकांचे गॅरेजचे प्रश्न

पावसाळा सरत आला की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांची दिशा ठरलेली असते. घोडबंदर रोड, शिळफाटा, ठाणे-बेलापूर रोड, सगळीकडचे खड्डे तोवर लोकांच्या कंबरेत उतरलेले असतात आणि मग प्रत्येकाला मागचा शॉकअप बदलायचा असतो. यंदा फरक एवढाच की घरगुती वेल्डिंग मशीन स्वस्त झालीत आणि बऱ्याच पोरांनी ती घेतलीत, त्यामुळे चार प्रश्न थेट वेल्डिंगचेच आलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण ते लांबायलाच हवं होतं.

प्रश्न : काका नमस्कार. माझ्याकडे जुनी १०० सीसी टू-स्ट्रोक आहे, मागे दोन शॉकअप. रोज ऐरोलीहून कासारवडवलीला जातो, कंबर कामातून गेलीये. शॉकअपचं खालचं माउंट (तो बोल्टने बसतो ती जागा) चिमट्यावर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर, तीन इंच पुढे घेतलं की ट्रॅव्हल, म्हणजे चाकाची वर-खाली हालचाल, वाढतो असं कळलं. ते जमलं की पुढच्या वर्षी मोनोशॉक, म्हणजे दोनऐवजी मधोमध एकच शॉकअप, करायचा विचार आहे. २०० अँपियरचं इन्व्हर्टर मशीन घेतलंय, गेटची आणि ग्रिलची दोन-तीन कामं केलीत. रॉड कुठला वापरू आणि प्लेट किती जाडीची लावू तेवढं सांगा. – एक वाचक, ऐरोली

उत्तर : रॉड आणि प्लेट सांगतो, पण शेवटी. आधी कागद घे आणि माझ्याबरोबर एक हिशोब कर, कारण तू जे कापणार आहेस त्यातून नक्की काय मिळणार आहे ते तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

समज चिमट्याच्या पिव्हट बोल्टपासून, म्हणजे तो चेसीला ज्यावर फिरतो त्या बोल्टपासून, मागच्या एक्सलपर्यंत ५०० एमएम आहे आणि शॉकअपचं खालचं माउंट पिव्हटपासून ४६० एमएमवर आहे. ५०० भागिले ४६०, म्हणजे साधारण १.०९. चाक १.०९ इंच वर गेलं की शॉकअप १ इंच दबतो. आता माउंट तीन इंच, म्हणजे धर ७५ एमएम पुढे आणलंस, ते आलं ३८५ वर, आणि ५०० भागिले ३८५ म्हणजे १.३०. शॉकअपचा स्ट्रोक ८० एमएम असेल तर आधी चाकाला ८७ एमएम मिळत होते, आता १०४ मिळतील. वाढले किती, तर १७ एमएम, पाऊण इंचसुद्धा नाही. आणि त्यासाठी दिलं काय? चाकाला जाणवणारा स्प्रिंगचा कडकपणा या आकड्याच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे १.०९ चा वर्ग १.१९ आणि १.३० चा वर्ग १.६९, भागाकार केला की मागचं चाक जवळजवळ ३० टक्के मऊ झालं. डॅम्पिंग, म्हणजे शॉकअपची उसळी रोखायची ताकद, तीपण तेवढीच कमी. तू एकटा नुसता बसलास तरी गाडी आधीपेक्षा जास्त खाली बसणार, मागे कोणी बसलं की अजून खाली, मग वाढलेले १७ एमएम उरले कुठे?

अजून एक गोष्ट आहे आणि ती मला स्वतःला कळायला फार वर्षं लागली. स्प्रिंग तीच आहे, तिचा स्ट्रोक तोच आहे, म्हणजे पूर्ण दबेपर्यंत ती जेवढा धक्का गिळू शकते तो तेवढाच राहणार, माउंट पुढे घे नाहीतर मागे. जागा बदलून स्प्रिंगची ताकद वाढत नाही. तुला खड्ड्यासाठी गाडी हवीये ना, तर खड्डा खायची क्षमता या कामातून वाढतच नाही. शॉकअप तिरका झाला की आकडे आणखी बदलतात, तेही बहुतेक वेळा मऊपणाकडेच.

आता मोनोशॉक. तिथे शॉकअप पिव्हटच्या जवळ येतो, धर २०० एमएमवर, म्हणजे गुणोत्तर अडीच. दोन माणसं बसल्यावर मागच्या चाकावर २०० किलो येत असतील तर शॉकअपच्या त्या एका माउंटवर उभ्या गाडीलाच ५०० किलो आले, आणि खड्ड्यात तिप्पट धक्का धरला तर दीड टन. हा दीड टन वरच्या टोकाला कुठे जाणार? तुझ्या चेसीच्या मधल्या पाइपात, जो पाइप बनवणाऱ्याने कधी या भारासाठी धरलाच नव्हता. त्याने मागचा सगळा भार सीटखालच्या दोन बाजूंना वाटून दिला होता, तू तो एका जागी गोळा करतोयस, तेही स्वतः मारलेल्या टाक्यावर, म्हणजे वेल्डिंगच्या जोडावर.

तुला वाटेल काका घाबरवतायत. जगात हे काम झालेलं आहे आणि फार चांगलं झालेलं आहे, ते मला मान्यच आहे. सत्तरच्या दशकात मोटोक्रॉसवाल्यांनी हेच केलं, माउंट कापून पुढे घेतली, शॉकअप आडवे पाडले, आणि १९७३ साली हाकन अँडरसनने यामाहाच्या मोनोशॉकवर २५० सीसीचं वर्ल्ड टायटल घेतलं. पण ती रेसची गाडी होती, तिच्यामागे फॅक्टरी आणि मेकॅनिक होते. तुझी गाडी मात्र रोज ऑफिसला जाणार. दिवसाला २०० धक्के धर, स्पीडब्रेकर मोजून कमीच आहेत, वर्षात ३०० दिवस, म्हणजे ६० हजार वेळा तो टाका वाकणार आणि सरळ होणार. वेल्डिंग एका धक्क्यात क्वचितच तुटतं. ते थकतं. टाक्याच्या कडेला, जिथे मणी, म्हणजे वितळून बसलेल्या धातूची रेघ, संपून मूळ लोखंड सुरू होतं तिथे, उष्णतेने पोत बदललेला असतो आणि छोटीशी खाच असते, तडा तिथूनच निघतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. २००९ च्या पावसाळ्यात माझ्या मित्राच्या गाडीचं खालचं माउंट मुंब्रा बायपासच्या उतारावर निघून आलं. शॉकअप सुटला, चाक वर जाऊन मडगार्डमध्ये अडकलं आणि मागे ट्रक होता. ट्रकवाल्याने वेळेत ब्रेक मारला म्हणून मित्र आहे, पण त्याच्या उजव्या पायात आजही रॉड आहे आणि थंडीत तो पाय दुखतो हे मला दर डिसेंबरात कळतं. तो टाका मी मारला होता. दिसायला इतका सुंदर होता की आम्ही दोघांनी त्याचे फोटो काढले होते. आणि तुटायच्या तीन आठवडे आधी त्या मण्याला लागून रंगावर केसाएवढी तपकिरी रेघ दिसली होती, मी स्वतः फडक्याने पुसली, चेनचं ऑइल आणि चिखल असेल म्हटलं. ती रेघ म्हणजे तड्यातून बाहेर येणारा गंज होता. आज कुठल्याही गाडीच्या टाक्याशेजारी तशी रेघ दिसली की मी ती गाडी पार्किंगमधूनसुद्धा हलवू देत नाही.

म्हणून आधी न कापता जे होतं ते कर. चिमट्याचे बुश, म्हणजे पिव्हट बोल्टभोवतीच्या नळ्या, बघ, गाडी डबल स्टँडवर लावून मागचं चाक धरून डावीकडे-उजवीकडे हलव, खटखट आली तर बुश गेलेत, आणि तुझ्या वयाच्या गाडीत गेलेले असतातच. मग सॅग मोज, म्हणजे तू बसल्यावर गाडी किती खाली जाते ते. चाक हवेत असताना एक्सलपासून सीटखालच्या एका ठरलेल्या नटापर्यंत टेप लाव, मग गाडी खाली घेऊन तू नेहमीच्या कपड्यात, बॅगसकट बस आणि मित्राला तेच अंतर परत मोजायला सांग. फरक एकूण ट्रॅव्हलच्या साधारण एक तृतीयांश यायला हवा, तुझ्या गाडीत ३० एमएमच्या आसपास. ५० आला तर स्प्रिंग बसलीये किंवा तुझ्या वजनाला मऊ आहे. शॉकअपची खालची कडी फिरवून स्प्रिंग कडक होते असं सगळे समजतात, तसं होत नाही, कडी फक्त गाडी उचलते, स्प्रिंग जेवढी मऊ आहे तेवढीच राहते. गाडी दाबून सोडल्यावर दोन-तीन वेळा डुलली तर शॉकअपचं ऑइल गेलंय. योग्य वजनाच्या स्प्रिंगचे नवे चांगले शॉकअप आणि बुश एवढ्यावर तुझी कंबर बरीच वाचेल, आणि सगळं स्पॅनरने होतं.

कायद्याचं पण ऐक. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या गोष्टींशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. चिमटा लांब करणाऱ्यांनी तर लक्षातच ठेवा, व्हीलबेस आरसीवर लिहिलेला असतो. पोलिसापेक्षा मला इन्शुरन्सची जास्त काळजी आहे, कारण अपघातात समोरच्याला लागलं आणि सर्व्हेयरला हातचा टाका दिसला तर तिथून पुढची भांडणं तुझ्या घरच्यांनी करायची.

तरीही तुला शिकायचंय हे मला दिसतंय, आणि शिकण्याची इच्छा चांगली आहे, ती मारून टाकायची नाही. तर असं कर. भंगारवाल्याकडून दुसरा चिमटा आण, तुझा मूळ चिमटा अजिबात कापू नको. घरी वापरतात तो साधा ६०१३ चा रॉड गेट-ग्रिलला ठीक, गाडीच्या भाराला लोक ७०१८ घेतात, पण तो लो-हायड्रोजन रॉड आहे, म्हणजे कोरडा राहिला तरच कामाचा, आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत उघडा पुडा चार दिवस राहिला तर त्याचा फायदा संपतो, ओव्हनमध्ये भाजूनच वापरायचा असतो. अडीच एमएमचा रॉड ६० ते ९० अँपियरवर चालतो, मशीनवर २०० लिहिलंय म्हणून सगळे लावायचे नसतात, चिमट्याचा पत्रा पातळ असतो, भोक पडेल. आणि त्या पातळ पत्र्याला ६ एमएमची जाड प्लेट लावली की काम मजबूत होत नाही, सगळा वाक प्लेटच्या कडेला गोळा होतो आणि तडा तिथेच जातो. पत्र्याच्या जवळपासची जाडी घे, टोकं निमुळती ठेव, आणि चिमट्याला आडवा आरपार टाका मारू नको, लांबीच्या दिशेने मार.

आधी दोन तुकडे टी आकारात एकाच बाजूने जोड, व्हाइसमध्ये पकड आणि टाक्याच्या दिशेने हातोडा मारून ते मोड. मोडलेल्या जागी मूळ तुकड्याची सरळ स्वच्छ कड जशीच्या तशी दिसली तर तुझा टाका वरवर चिकटलाय, आत पकडलाच नाहीये. असे वीस तुकडे मोड. भंगारातल्या चिमट्यावर माउंट लाव, पिव्हट बोल्ट आणि एक्सल जागेवर घट्ट असताना, डावं-उजवं आलटून पालटून छोटे टाके, आणि गरम टाक्यावर पाणी मारायचं नाही, रस्त्यावरचे लोक मारतात म्हणून आपण मारायचं नाही. थंड झाल्यावर बघ, एक्सल सहज निघतो का. बहुतेक वेळा निघत नाही, लोखंड ओढलं गेलेलं असतं. मग तो चिमटा टाक्याच्या मधून हॅक्सॉने काप, घासून गुळगुळीत कर आणि आत बघ. आत काय आहे हे एकदा डोळ्याने बघितलंस की त्यावर घरच्या माणसाला बसवायचं का, ते तू ठरवशील. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मी हे काम घरी करायला सांगणार नाही.

प्रश्न : गाडी मागून एक-दीड इंच उचलायचीये. शॉकअपच्या खालच्या डोळ्याला तुकडा वेल्ड करून लांबी वाढवून देतो असं एक जण म्हणतो. करू का? – एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : नको. शॉकअपच्या आत ऑइल असतं आणि बऱ्याच शॉकअपमध्ये दाबाने भरलेला नायट्रोजन असतो, त्याला आर्क, म्हणजे वेल्डिंगची ठिणगी, लावणं किंवा गॅसने तापवणं म्हणजे बंद डबा तापवणं. फुटला नाही तरी आतली रबराची सीलं जळतात. आणि तो डोळा बऱ्याच वेळा ॲल्युमिनियमचा असतो, त्याला घरच्या मशीनचा टाका लागतच नाही.

उंचीचंही सांगतो. १३०० एमएम व्हीलबेसच्या गाडीचं शेपूट २५ एमएम वर गेलं की सगळी गाडी साधारण एक डिग्री पुढे झुकते, हँडल हलकं आणि चंचल होतं, साइड स्टँड आखूड पडतो, चेन चिमट्याला घासायला लागते. चेनची ढील परत लावावी लागेल, आणि ती लावताना पुढचं स्प्रॉकेट, पिव्हट आणि एक्सल एका रेषेत आणून लावायची, कारण चेन तिथे सगळ्यात ताठ असते. उंची हवीच असेल तर त्या गाडीसाठी बनलेला लांब शॉकअप मिळतो का बघा, नाही मिळाला तर आहे तशी चालवा.

प्रश्न : मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, फ्लॅटच्या बाल्कनीत गाडीचे पार्ट वेल्ड करतो. परवा रात्री दोन वाजता डोळे धरून रडत उठला, डोळ्यात वाळू टोचतेय म्हणाला. शेजारणीने बटाट्याच्या चकत्या ठेवायला सांगितल्या. हे बंद करू का? – एक आई, खारघर

उत्तर : ताई, त्याला वेल्डिंग लागलं. आर्कच्या उजेडात अल्ट्राव्हायोलेट असतं, बुबुळाचा वरचा थर भाजतो, आणि लगेच कळत नाही, सहा ते बारा तासांनी कळतं, म्हणून पोरं रात्रीच उठतात. चकत्यांनी गार वाटतं एवढंच. डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, आणि सुन्न करणारे थेंब मेडिकलवाल्याकडून स्वतःच्या मनाने आणून घालू देऊ नका, त्याने दुखणं थांबतं पण जखम भरायला उशीर होतो. बहुतेक एक-दोन दिवसांत बरा होईल. त्याच्याकडे गॉगल असेल, विचारा. गॉगल चालत नाही, दहा किंवा अकरा नंबरच्या काचेचा पूर्ण चेहऱ्याचा मास्क लागतो, टाका जमवताना नुसता एक क्षण मास्क वर केला तरी लागतं. तुम्हीसुद्धा त्या उजेडाकडे बघू नका, समोरच्या बिल्डिंगमधली लहान मुलं बघतायत का तेही बघा.

बाल्कनी मात्र बंदच करा. टेरीकॉटचे कपडे, वाळत घातलेल्या साड्या, खालच्या मजल्यावरचा एसी, ठिणगी कुठे जाईल सांगता येत नाही. आणि दोन गोष्टी त्याला माझं नाव घेऊन सांगा. गॅल्व्हनाइज्ड पाइप वेल्ड केला की जस्ताचा पांढरा धूर येतो, त्याने रात्री थंडी वाजून ताप भरतो. दुसरी जास्त गंभीर आहे : पार्ट ब्रेक क्लीनरने धुऊन लगेच टाका मारायचा नाही, काही क्लीनरमध्ये क्लोरीनची द्रावणं असतात आणि आर्कमध्ये त्यातून फॉसजीन हा विषारी वायू होतो. आणि पेट्रोलची टाकी आधी उतरवून लांब ठेवायची, रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते.

वेल्डिंग मात्र त्याच्याकडून काढून घेऊ नका. एकोणीसचा मुलगा हाताने काही करतोय ही मोठी गोष्ट आहे. आयटीआयमध्ये वेल्डरचा ट्रेड आहे, नाहीतर तुर्भे, रबाळे, महापे पट्ट्यात फॅब्रिकेशनची इतकी शेड आहेत, ओळखीने एखाद्या जुन्या वेल्डरकडे सहा महिने रविवारी पाठवा. लगेज कॅरिअर, क्रॅशगार्डचा ब्रॅकेट, साइड स्टँडची थाळी, असं काहीही करू दे, तुटलं तर आवाज होईल, माणूस पडणार नाही. चिमटा, हँडल, फोर्क आणि ब्रेकचं माउंट या चार गोष्टींना हात लावायचा नाही असं त्याच्याकडून कबूल करून घ्या.

प्रश्न : पनवेलजवळ शेतावर सेकंडहँड एटीव्ही (जाड चाकांची, शेतात चालणारी छोटी गाडी) आहे, रस्त्यावर आणत नाही, चारा आणि खताच्या गोण्या नेतो. मागच्या चिमट्याला शॉकअपच्या माउंटजवळ तडा गेलाय, साधारण दीड इंच. गावातला वेल्डर म्हणतो वरून टाका मारतो. – एक वाचक, पनवेल

उत्तर : दादा, हे काम होण्यासारखं आहे, फक्त वरून टाका मारून नाही. तडा डोळ्याला दीड इंच दिसतोय, खरा जास्त लांब असतो. डाय पेनिट्रंटचे स्प्रे मिळतात, क्लीनर, लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर. रंग खरवडून लोखंड स्वच्छ करायचं, लाल मारून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, पुसायचं, पांढरा मारायचा, आणि तड्याचं खरं टोक लाल रेघेत उमटतं. दोन्ही टोकांना ३ एमएमचं भोक पाडायचं म्हणजे तडा पुढे पळत नाही. मग ग्राइंडरने तड्याची पूर्ण खोली उघडून व्ही आकाराची खाच करायची आणि ती मुळापासून भरायची. वर पट्टी लावायची तर चौकोनी नको, शंकरपाळीच्या आकाराची, म्हणजे टाका आडवा येत नाही. आधी चुंबक लावून बघा, चिकटलं नाही तर ॲल्युमिनियम असणार, मग गावात नाही, आर्गन वेल्डिंगवाल्याकडे न्या.

शॉकअप काढून ठेवा, बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा, आणि अर्थिंगचा क्लॅम्प टाक्याच्या अगदी जवळ लावायला सांगा. चाकाला किंवा लांब चेसीला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर खड्डे पडतात. महिन्याभराने चाक गुरगुरायला लागतं आणि कारण कुणाला सापडत नाही.

तडा तिथेच का गेला तेही बघा. गोण्या मागच्या रॅकच्याही मागे लटकवत असाल तर भार एक्सलच्या पलीकडे जातो, शॉकअप तळाला आपटतो आणि माउंटवर हातोडा बसल्यासारखं होतं. दोन गोण्या कमी न्या, फेरी वाढवा. आणि टाका झाल्यावर त्या भागाला काळा रंग न देता पांढरा पातळ रंग द्या, दर शनिवारी धुऊन उजेडात बघा, पांढऱ्यावर तपकिरी रेघ लगेच दिसते.